अनुभवी हुक

दत्तूकाकांच्या बैठकीत सोफा नाही. दंतवैद्याची खुर्ची आहे. शेजारचा दवाखाना बंद झाला तेव्हा त्यांनी ती उचलून आणली. पाहुणा तिच्यावर रेलला की नकळत तोंड उघडतो आणि काका एकटेच बोलत राहतात. दाराची घंटा बंद पडलेल्या एका टॉकीजची. दूधवाला आला की मध्यंतर झाल्यासारखे वाटते. नवे काही घ्यायचे नाही, हा त्यांचा नियम. कारण एकच : "नव्या वस्तूला अनुभव नसतो, बेटा."

मी पदार्थविज्ञान शिकलेली. धातूच्या अनुभवाला आमच्याकडे थकवा म्हणतात, हे मी त्यांना सांगून पाहिले. "मग माणसासारखंच की!" ते खूश झाले.

यंदा त्यांनी आपल्या जुन्या पिकअपला मागे गाडा जोडण्याचा हुक बसवायला काढला. हुकही अर्थातच भंगारातला. हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मोहल्ल्याचा गणपती लाकडी गाड्यावरून विसर्जनाला जातो. गाडा ओढायच्या दोराला घरागणिक एक गाठ. ज्याने त्याने आपल्याच गाठीला धरायचे. गाठी शाबूत आहेत, घरांना कुलुपे आहेत. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्याहून, बेंगळुरूहून हात जोडणाऱ्यांची गर्दी असते. दोराला हात लावायला कोणी नसते. यंदा गाडा निघाला नाही तर तो लाकूडवाल्याला देऊन टाकायचा, असे मंडळाने एकमताने ठरवले. काका त्या बैठकीतून उठून थेट भंगारवाल्याकडे गेले होते.

"काका, मूर्ती पिकअपमध्येच ठेवा ना," मी म्हटले.

"तो काय गॅस सिलिंडर आहे?"

नया बाज़ारमागच्या गल्लीत मिस्त्री गाडीखालून ओरडला, "काकासाब, ये किसी और गाड़ी का माल है! छेद ही नहीं मिल रहे!"

"तो मिलाओ! रिश्ते भी ऐसे ही मिलाए जाते हैं."

मिस्त्रीने वेल्डिंगचे नाव काढताच मी आडवी आले. चेसिस तापवली तर तिथेच कमकुवत होईल. नवी भोके पाडा, जाड पट्ट्या लावा, बोल्टने कसा. आणि बोल्ट नवे.

"नवे?" मी घरात परका माणूस आणून बसवल्यासारखे काकांनी माझ्याकडे पाहिले.

"नवे. नाहीतर गाडा चढावर सुटेल."

त्यांनी मान्य केले. बोल्ट कसून झाल्यावर प्रत्येकाला कुंकू लावत पुटपुटले, "सांभाळून रे. पहिलाच दिवस तुमचा."

विसर्जनाला त्यांनी पिकअपची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"आणि तुम्ही?"

"मी माझ्या जागी."

हुकाने भार पेलला. चढावरही पट्टी हलली नाही. ढोल मोबाईलवर वाजत होता. डाव्या आरशात काका दिसत होते : गाड्याला बांधलेला दोर खांद्यावर, पिकअपच्या बाजूने चाललेले, पुढे वाकलेले, ओढणारे. त्यांच्या बळाचा गाड्याच्या गतीवर होणारा परिणाम शून्य होता. दोर मात्र ताठ होता. त्यांच्यामागे गाड्यापर्यंतच्या गाठी रिकाम्याच होत्या. तरी ते आपली गाठ सोडून मागच्या गाठीवर सरकले नाहीत.

त्यांच्या पुढची, दोराच्या सुट्या टोकाची गाठ आमच्या घराची. पुढच्या महिन्यात मी बेंगळुरूला रुजू होणार, हे त्यांना ठाऊक होते. ती गाठ रस्त्यावरून फरफटत होती. फूलबागेच्या वळणावर काका थबकले, त्यांनी ती उचलली, धोतराला पुसली आणि दुसऱ्या हातात धरून पुन्हा ओढू लागले.