माफीची वही आणि डॉक्टरांचा कोट

ओ बाई! हो, तुम्हालाच म्हणतोय! मोबाइलच्या पडद्यावर गोड हसत "ठसे, रंग, चिंध्या वापरून घरच्या घरी छोटीशी मिक्स्ड मीडिया कला-वही, कुणालाही जमते, यात चूक अशी नसतेच!" असं लाखो लोकांना छातीठोक सांगणाऱ्या बाई! एका सरळमार्गी माणसाचा संसार तुम्ही गोंदात बुडवलात. आरोप गंभीर आहे. मधेच पळायचं नाही, पुरतं ऐकून घ्यायचं!

तर हा माणूस म्हणजे शिक्केराव. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसात आवक-जावक टेबलावर बसून आयुष्यभर कागदांवर शिक्के मारले, म्हणून पडलेलं नाव. हात असा बसलेला, की समोर काही सपाट दिसलं की तो आपोआप उठायचा. एकदा साहेबांनी टाळी मागायला तळहात पुढे केला, तर त्यावर यांनी ‘मिळाले’ उमटवलं!

जीभ मात्र हाताइतकी बसलेली नव्हती. मागच्या आठवड्यात ऑफिसात एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ झाला. शिक्केराव सपत्नीक हजर. कुणीतरी विचारलं, "वहिनी काय करतात?" तोंडातला केक सावरत शिक्केराव बोलून गेले, "काही नाही, घरीच असते!"

घरीच असते! जिच्या शिलाई मशीनचा आवाज थांबला तर गल्लीला वाटतं वीज गेली, ती म्हणे काही करत नाही! दातांच्या डॉक्टरांनी नुकतंच तिला अख्ख्या दवाखान्याचे पांढरे कोट शिवायचं काम देऊ केलं होतं. पहिला कोट पसंत पडला, तर बाकीचे सगळे तिच्याकडे. आणि नवरा असा!

त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलेना. सगळे निरोप मुलीमार्फत. "बाबांना सांग, चहा ठेवलाय." बाबा तिथेच, कपासमोर!

तोंडाने माफी मागणं शिक्केरावांना जन्मात जमलेलं नाही. त्यांनी तुमचा व्हिडिओ पाहिला आणि मांडीवर थाप मारली. "माफीची वही करतो! ठसेच मारायचेत ना? या कामात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय!"

"बाबा, काहीतरी विकत आणा ना," मुलगी म्हणाली.

"विकतच्यात भावना नसतात!"

"बरं. मग हे काय आहे?"

"खोडरबर कोरून केलेलं गुलाबाचं फूल."

"मला वाटलं कोबी. ट्रकखाली आलेला."

बायको बटणं आणायला बाजारात गेली आणि शिक्केरावांनी जेवणाच्या टेबलावर कारखाना काढला. जाड कागद दुमडून वही शिवली. सुई कागदापेक्षा बोटातच जास्त गेली. पानांवर रंग फासला, रंगावर वर्तमानपत्राचे कपटे, कपट्यांवर चिंध्या, चिंध्यांवर लेस, आणि प्रत्येक थरात गोंद. तुम्ही म्हणालात "थोडासा." थोडासा म्हणजे किती, हे काही कळेना, म्हणून त्यांनी डबा संपवला! मग पानोपानी कोबीचं पीक काढलं. शेवटी अगदी मधल्या पानांवर मनातलं लिहिलं: ‘तू घरीच असतेस, काही करत नाहीस. असं मी म्हणालो. चुकलो.’ आणि पहिल्या वाक्यावर ऑफिसातून मोडीत निघालेला ‘रद्द’चा शिक्का हाणला.

वा! आपल्याच कल्पनेवर ते असे खूश झाले, की हात सुटला. रद्द! रद्द! रद्द! शाई ठिबकेपर्यंत रद्द!

आता सगळं ओलं गिच्च आणि बायको कुठल्याही क्षणी दारात. तुमचा सल्ला काय? "वाळत नसेल तर वर पांढरं कापड घाला आणि इस्त्री फिरवा." शिक्केरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दाराला काहीतरी पांढरं टांगलेलं दिसलं. ओढलं, पानांवर घातलं, इस्त्री दाबून फिरवली. मग वही मिटून वरून आणखी एक हात फिरवला. आणि कापड होतं तिथे परत टांगलं! नीटनेटकेपणा भोवतो तो असा.

बाई, तो डॉक्टरांचा कोट होता.

बायको आली तेव्हा डॉक्टरांचा माणूस दारात उभाच होता. तिने घाईघाईने बटणं लावली, घडी केली, कोट दिला. पाठ कोण बघतो?

पाठ बघितली दुसऱ्या दिवशी खुर्चीतल्या एका पेशंटने. नवी कवळी बसवून डॉक्टरांनी त्याच्या हातात आरसा दिला आणि ते मागच्या बेसिनवर हात धुवायला वळले. नुसत्या डोळ्यांना त्या पाठीवर जांभळी नक्षी दिसली असती. पण आरशात उलटी अक्षरं सुलटी झाली! बिचाऱ्याने आ वासून आपले दात पाहिले आणि दातांच्या शेजारी वाचलं: रद्द, रद्द, रद्द. गळ्यातल्या फडक्यासकट जो सुटला, तो अजून सापडलेला नाही!

संध्याकाळी डॉक्टर कोट घेऊन दारात. "वहिनी, हे काय?"

बायकोने कोट कपाटाच्या आरशासमोर धरला. वाचलं. सावकाश मान वळवली.

"अहो!"

आठवडाभरात पहिली थेट हाक! शिक्केरावांना इतका आनंद झाला, की ते "ओ!" म्हणून हसले. मग तिचा चेहरा दिसला आणि हसू इस्त्रीशिवाय वाळलं.

"डाग मी समजू शकतो," डॉक्टर म्हणाले. "पण माझी पाठ कुणी रद्द केली आणि का, हे कळल्याशिवाय बाकीचे कोट कसे देऊ?"

बायकोचा हात मशीनवर गेला आणि तिथेच घट्ट बसला. शिक्केराव धावत जाऊन, कालपासून द्यायचा धीर न झालेली वही घेऊन आले. "यात सगळं लिहिलंय! हिच्यासाठीच केलीय! उघड, उघड ना!"

बायकोने ओढलं. मुलीने ओढलं. गोंद, रंग, चिंध्या आणि इस्त्री यांनी मिळून वहीची वीट केली होती. डॉक्टरांना चेव चढला. "सरका! उपटण्यात हयात गेली माझी." बॅगेतून पक्कड काढली, वही गुडघ्यांत दाबली, सवयीने "दुखलं तर हात वर करा" असंही वहीला सांगितलं. घामाघूम झाले. "नाही हो. मुळं फार खोल गेलीत."

"काय लिहिलंय आत?" बायकोने विचारलं. "तोंडानं सांगा."

शिक्केरावांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. "मी त्या दिवशी... ते बोललो ना... चुकलं माझं. तू टेलर आहेस. एक नंबर. कोट तू चांगलाच शिवला होतास. वाट मी लावली."

"वहिनी," डॉक्टर म्हणाले, "बाकीचे कोट तुम्हीच शिवा. फक्त शिवताना यांना बाहेर पाठवा."

मुलीने टाळी वाजवली. सुटलो बुवा, असं वाटून शिक्केराव खुर्चीत टेकणार, तेवढ्यात बायकोने गळ्यातली टेप काढली आणि शांतपणे गुंडाळली.

"हे इथे कशाला सांगताय? इथे सगळ्यांना माहीत आहे मी काय करते. जिथे म्हणालात, तिथे सांगा. उद्या, सगळ्यांसमोर. मी येते ऐकायला."

तर बाई, शिक्केराव आता भिंतीकडे बघत बसलेत. रंग कसा फासायचा ते तुम्ही दाखवलंत, चिंध्या कशा डकवायच्या ते दाखवलंत. साहेब, शिपाई आणि ‘वहिनी काय करतात’ विचारणारा तो दीडशहाणा, या सगळ्यांपुढे उभं राहून पहिला शब्द कसा काढायचा, याचा व्हिडिओ कुठे आहे? हसू नका! ऑफिस साडेदहाला उघडतं. उत्तर द्या!