बाई, बोल्ट आणि वेगाची क्रियापदं

इंग्रजीत रिपोर्ट लिहिण्यात आमच्या अख्ख्या शाखेत माझा हात धरणारा कोणी नाही! शाखेत आम्ही दोघंच आहोत, हा भाग वेगळा. दुसरा आमचा मेकॅनिक. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि ती त्याने दुरुस्त केली, असं मी मुख्य कचेरीला इंग्रजीत कळवतो. लोकांना वाटतं त्याचं काम जास्त अवघड. वाटू दे!

तर गेल्या महिन्यात मोठ्या साहेबांनी माझा एक रिपोर्ट परत पाठवला. वर शेरा : "लिफ्ट गेली, लिफ्ट आली. मेकॅनिक गेला, मेकॅनिक आला. तुमच्याकडे दुसरी क्रियापदं नाहीत का? जरा जीव ओता!"

झोंबलं हो मला! त्याच दिवशी घरी जाऊन मी लेकीचं इंग्रजीचं पुस्तक उघडलं. ती सातवीत आहे. एका पानावर आयतीच यादी होती : सुसाट जाणं आणि झपाट्याने वर चढणं यासाठीची वीस क्रियापदं! रॉकेट, शूट, टिअर, बोल्ट, डॅश, सोअर... इंग्रजांना एवढी कसली घाई असते कोण जाणे! मी वीसच्या वीस उतरवून घेतली.

"बाबा, बघून वापरा हं," लेक म्हणाली. "काहींचे दोन-दोन अर्थ असतात."

"मग चांगलंच की! एका शब्दात दोन कामं!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, कौतुकाने.

आठवड्याभरात संधी चालून आली. एका सातमजली इमारतीत आम्ही लिफ्टला नवी मोटर बसवली होती. सहाव्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सत्तरीच्या, पण आवाज असा, की पार्किंगमधल्या गाड्यासुद्धा रांगेत उभ्या राहाव्यात! पंधरा दिवस जिने चढून वैतागलेल्या बाई पहिल्या फेरीलाच लिफ्टमध्ये शिरल्या. सहाव्या मजल्याच्या स्विचचे दोन बोल्ट सैल राहिले होते. लिफ्ट निघाली ती सहाव्यावर न थांबता थेट सातव्यावर! बाईंचं कोपर जरा आपटलं. मेकॅनिक जिन्याने धावत वर गेला, त्याने बोल्ट आवळले आणि बाईंना सांभाळून खाली आणलं. बस, एवढंच घडलं.

पण एवढंच लिहिलं तर त्यात जीव कसा येणार? मी पेन सरसावलं आणि लिहिलं :

"मॅडम वॉज शॉट ऑन सेव्हन्थ फ्लोअर. अवर मेकॅनिक टोअर अप द स्टेअर्स अँड बोल्टेड. नाऊ एव्हरीथिंग इज क्वाएट."

काय वाक्यं! काय वेग! वाचताना मलाच धाप लागली. बाई झपकन वर गेल्या, मेकॅनिक सुसाट जिने चढला, बोल्ट पिळले, आणि आता लिफ्टचा आवाजही येत नाही. तीन ओळींत अख्खा प्रसंग! मेकॅनिकला वाचून दाखवलं. त्याला इंग्रजी येत नाही, पण 'बोल्टेड' ऐकून तो खूश झाला. म्हणाला, "साहेब, पहिल्यांदाच माझं काम बरोबर लिहिलंत!"

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मोठ्या साहेबांचा फोन.

"बाई जिवंत आहेत का?"

एवढी काळजी! मला भरून आलं. "आहेत की साहेब! थोडा धक्का बसलाय."

"थोडा? कुठे लागली?"

"सातव्या मजल्यावर."

"मजला नाही हो! अंगाला कुठे लागली?"

"कोपराला, साहेब. वरच्यावर."

पलीकडे सुटकेचा निःश्वास. मग आवाज एकदम खाली आला. "आणि तो कुठे आहे?"

"मेकॅनिक? तो तर सकाळीच गेला. आज त्याला आणखी तीन ठिकाणी हेच करायचंय."

फोन आपटल्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, साहेब भारावले!

तासाभरात कचेरीचं दार धाडकन उघडलं. मेकॅनिकची बायको! डोळे लाल, एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्यात बाहेरची.

"भावजी, खरं सांगा! कोणाबरोबर पळाले हे?"

"पळाले? कोण पळालं, वहिनी?"

"लपवू नका! तुमच्या साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, तुमचा नवरा पळाला, घरी आला तर कळवा. वर कुठल्याशा बाईचंही काही सांगत होते!"

"अहो वहिनी, त्या बाई सत्तरीच्या आहेत!"

"सत्तरीच्या?" म्हणत त्यांनी असा हंबरडा फोडला, की खालचा झेरॉक्सवाला मशीन बंद करून वर आला.

मेकॅनिकला फोन लावावा, तर तो कुठल्याशा लिफ्टच्या शाफ्टमध्ये. तिथे रेंज कुठली! शेवटी मीच म्हटलं, "चला, बाईंच्याच घरी जाऊ. त्याच सांगतील काय ते."

इमारतीखाली पोलिसांची गाडी! इन्स्पेक्टर जिन्याच्या पायऱ्या एकेक करून तपासत होते. मी लिफ्ट कंपनीचा, असं सांगताच म्हणाले, "जिने तर धडधाकट दिसतायत. नक्की कुठे उखडलेत?"

लिफ्टला त्यांनी हात लावू दिला नाही. आम्ही तिघं सहा मजले चढलो. वहिनी हुंदके देत, इन्स्पेक्टर धापा टाकत आणि मी घाम पुसत. वीसपैकी एकही क्रियापद आम्हाला लागू पडलं नसतं!

बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं.

"काय हवंय?"

"गोळीबाराची तक्रार आहे," इन्स्पेक्टर म्हणाले.

"कोणावर?"

इन्स्पेक्टरांनी हातातला कागद पाहिला, बाईंकडे पाहिलं, आणि अवघडून म्हणाले, "तुमच्यावरच, बाई."

बाईंनी त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला. तो माझा रिपोर्ट! त्यांनी तो एकदा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"हे कोणी लिहिलं?"

मी हात वर केला. पन्नाशीच्या माणसाने!

"इकडे या. शॉट म्हणजे मला गोळी घातली. टोअर अप म्हणजे जिने उखडून टाकले. बोल्टेड म्हणजे तो पळून गेला. आणि वर तुम्ही कळवताय, की आता सगळं सामसूम आहे!"

"बाई, यादीत तर वेगाने जाणं असंच..."

"यादी पाठ केलीत. वाक्य कोणी वाचायचं?"

तेवढ्यात मागून धावत्या पावलांचा आवाज. मेकॅनिक! रेंजमध्ये येताच त्याच्या फोनवर बायकोचे सत्तावीस मिस्ड कॉल दिसले होते, आणि शेवटी झेरॉक्सवाल्याने त्याला इकडे पाठवलं होतं. हात ग्रीसने काळे, चेहरा पांढरा.

बायकोने त्याच्या दंडाला धरलं ते सोडेचना. काय झालंय ते इन्स्पेक्टरांनी त्याला सांगितलं. तो माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता. बायकोकडे बघत हळूच म्हणाला, "वीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. मी पळून गेलो असं वाटलं तुला?"

"आधी नाही वाटलं," वहिनी नाक पुसत म्हणाल्या, "पण साहेब म्हणाले, इंग्रजीत लिहून आलंय. मग वाटलं, खरंच असेल!"

मला जिन्यात तोंड लपवावंसं वाटलं. मी त्या दोघांची हात जोडून माफी मागितली. मेकॅनिक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. शाखेत आम्ही दोघंच, म्हणजे दोन दिवस शाखेत कोणीच बोललं नाही!

साहेबांनी मला फोनवर अर्धा तास सोलून काढलं. नोकरी वाचली ती बाईंनी शब्द टाकला म्हणून. शेवटी हुकूम सुटला : "यापुढे इंग्रजी बंद! साधं, सरळ मराठी लिहा. उड्या नकोत, वेग नको, काही नको!"

मी सुधारलो. काल संध्याकाळी बाई पुन्हा लिफ्टमध्ये बसल्या. बरोबर सहाव्यावर थांबल्या. मी ताबडतोब रिपोर्ट धाडला. एकच ओळ, एकही अवघड शब्द नाही : "आज पाच वाजता बाई कोणताही त्रास न होता शांतपणे वर गेल्या."

आज सकाळी मुख्य कचेरीकडून बाईंच्या घरी भलं मोठं पुष्पचक्र पोचलं. पोचपावतीवर बाईंनी स्वतः सही केली म्हणे.