मेरीमावशीची विंडो

एव्हरशाईन सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावर क्षितिजाचं ऑफिस बेडरूममध्ये होतं आणि जीव हॉलमध्ये. हॉलमध्ये जवळच्या पापडी गावाहून येणारी मेरीमावशी पाच महिन्यांच्या विघ्नेशला मालीश करायची, आणि क्षितिजा पुस्तकांमागे लपवलेल्या कॅमेऱ्यातून ते लॅपटॉपवर डोळ्यांत तेल घालून बघायची.

पण मीटिंगमध्ये स्क्रीन सगळ्यांना दाखवताना बटण दाबून एका विंडोतून दुसरीत जायला गेलं, की मध्येच ही कॅमेऱ्याची विंडो टपकायची. काल तक्त्याच्या जागी तेलाने चकाकणारा विघ्नेश अख्ख्या टीमला दिसला.

"आणखी एकदा असं झालं, तर सोमवारपासून ऑफिसला या," हर्षवर्धन सरांनी बजावलं.

ऑफिस अंधेरीला. म्हणजे लेकरू दिवसभर डोळ्यांआड!

आज मीटिंगच्या दहा मिनिटं आधी तिला नेटवर उपाय सापडला. विंडो बदलणाऱ्या त्या बटणाच्या सेटिंगची फाईल उघडायची, 'या विंडो वगळा' या ओळीत कॅमेऱ्याचं नाव टाकायचं, झालं. तेवढ्यात विघ्नेशने भोकाड पसरलं. क्षितिजाची नजर तिकडे गेली आणि नाव पडलं वरच्या ओळीत. ती ओळ होती 'फक्त याच विंडो दाखवा'.

मीटिंग सुरू झाली. तिने स्क्रीन सगळ्यांना दाखवली, बटण दाबलं. मेरीमावशी. पुन्हा दाबलं. पुन्हा मेरीमावशी.

"क्षितिजा!" सर कडाडले.

ती कॅमेरा बंद करायला हॉलमध्ये धावली.

"राहू दे की तो," पाय पसरून बसलेली मावशी म्हणाली. "पहिल्याच दिवशी बघितला मी."

क्षितिजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, सगळं ऑफिस बघतंय तुम्हाला..."

"मंग आधी सांगायचं नाय? पुस्तकं बाजूला कर. मागून बघून काय शिकनार ती लोकं?"

रडणाऱ्या विघ्नेशला तिने अलगद एका तळव्यावर पालथं घेतलं, पाठीच्या कण्यालगत अंगठा वरून खाली ओढला. रडणं अर्ध्यावर टाकून पोराने जांभई दिली. क्षितिजा बघतच राहिली. इतके दिवस तिने त्या हातांत नुसती चूक शोधली होती.

बेडरूममधल्या लॅपटॉपमधून सरांचा आवाज आला, "मावशी, ते अंगठ्याचं पुन्हा दाखवा ना! आमचं बाळ महिनाभर असंच रडतंय."

"बाळाला समोर घेऊन बस म्हनावं!" मावशीने तिथूनच फर्मावलं.

क्षितिजा धावत परतली. "सर, फाईल लगेच दुरुस्त करते."

"त्या फाईलला हात लावू नका!"

संध्याकाळी मेल आला. सोमवारी दहाला मीटिंग, विषय मालीश. क्षितिजाने ऑफिसला यायचं नव्हतं, लॅपटॉप घरीच हवा होता. शेवटी निमंत्रितांची यादी होती. मेरीमावशी : आवश्यक. क्षितिजा : ऐच्छिक.