लिंबाजीकाकांचं यान

लिंबाजीकाका मराठी बातम्यासुद्धा मराठीतच समजावून सांगतात. टीव्हीवरची बाई म्हणते, "उद्या पावसाची शक्यता." की काका लगेच आमच्याकडे वळून, "पाणी येऊन राहिलं म्हनते ती." जणू ती बाई परमुलखातली आणि आम्ही ठार बहिरे. एका लग्नात तर त्यांनी मंगलाष्टकांचा अर्थ सांगायला घेतला. नवरदेवाच्या मामाने त्यांना हाताला धरून पंगतीत नेऊन बसवलं, तिथे ते शेजारच्याला वांग्याची भाजी समजावून सांगू लागले.

ही खोड लागली व्हीसीआरमुळे. कळमनुरीजवळच्या आमच्या गावात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर फक्त काकांकडे. दिवाळी झाली की अर्धी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जायची. माझे आईबापही जायचे आणि मी आजीच्या हवाली. आई परत आलीच नाही तर, ही एकच भीती मला तेव्हा खायची. रविवारी दुपारी काका खिडक्यांना पोती लावून आम्हा पोरांना सिनेमा दाखवायचे. सिनेमा दर वेळी तोच. कॅसेट इंग्रजी आणि काकांच्या इंग्रजीच्या नावानं बोंब.

सिनेमात एक अंतराळयान होतं. यानात सात माणसं, आणि कुठूनसं शिरलेलं एक चिकट जनावर. काकांच्या लेखी कॅप्टन म्हणजे मुकादम आणि बाकीची त्याची टोळी. "आता बघा, टोळी निघाली. लई लांबचा कारखाना हाय." जनावर कुणावर झेप घेणार, तेवढ्यात काका टीव्हीपुढे उभे राहायचे. आम्हाला दिसायचं नुसतं धोतर. धोतरामागून किंकाळी यायची आणि काका शांतपणे सांगायचे, "घाबरू नगा. हा उतरला. त्याला हितं काम लागलं."

असे एकेक करत सहा जण उतरायचे. उरायचा एक म्हातारा मिस्त्री. तो एकटा दिसला रे दिसला, की काका टीव्ही बंद करून शेवट तोंडी सांगायचे. टोळी माघारी आली, कुणी बांगड्या आणल्या, कुणी रेवड्या, आणि म्हाताऱ्यानं सगळ्यांसाठी पिठलं टाकलं. गुढीपाडव्याच्या सुमारास आई ट्रकमधून उतरली की मला वाटायचं, काकांनी सांगितलंच होतं की.

आता मी हिंगोलीला नोकरीला आहे. मागच्या महिन्यात तोच सिनेमा मोबाईलवर सापडला. मधे धोतर नसल्यामुळे प्रथमच नीट दिसला. सहाच्या सहा जण मेले होते, तेही फार वाईट तऱ्हेने. आधी हादरलो, मग पोट धरून हसलो. रविवारी गावी गेलो आणि सिनेमा लावून मोबाईल काकांपुढे धरला.

"काका, ही मानसं उतरली व्हय?"

काका मिशीत हसले. "मला इंग्रजी न्हाई येत. पर मेलेलं मानूस कळतंय की."

"मग खोटं काहून सांगितलं?"

"समोर तुमी सगळी लेकरं. मायबाप लांब. गेलेलं मानूस माघारी येत न्हाई, असं कसं सांगावं बाबा तुमाला?"

सिनेमा पुढे चालूच होता आणि काका, आयुष्यात पहिल्यांदा, काहीच समजावून सांगत नव्हते. काकू जाऊन चार वर्षं झाली. एकुलता एक मुलगा बालाजी पुण्यात कंपनीत, दोन दिवाळ्या आलेला नाही. घरात आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

मोबाईलवर म्हातारा मिस्त्री रिकाम्या यानात एकटा बसला. काका पुढे वाकले.

"ह्याच्या म्होरचं म्या कवाच बघितलं न्हाई. येतं का रे कुनी ह्याच्याकडं?"

शेवट मला माहीत होता. म्हातारा यानातले सगळे दिवे लावतो, दाराकडे बघत बसतो, आणि सिनेमा संपतो. मी मोबाईलवर तळहात ठेवला.

"घाबरू नगा काका," मी म्हटलं. "सगळे येऊन राहिले. ट्रकमधून आधी पोरगंच उतरलं."

काकांनी माझा हात बाजूला केला नाही.

"मंग पिठलं टाकाया पायजे म्हाताऱ्यानं," ते म्हणाले.