विश्वासार्हतेचा रकाना

मला आजवर कोणी खराब माल विकलेला नाही! हे मी कुठेही, कोणासमोरही छाती ठोकून सांगत असे. भांडुपच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं खरेदी विभागात आहे. साधा खिळा घ्यायचा तरी तीन कोटेशनं मागवायची, तिघांचा तुलनात्मक तक्ता टाइप करायचा, रकाने भरायचे, खाली माझी सही, आणि मगच खिळा! "तेंडोलकरांची सही असली म्हणजे माल बघायला नको," असं आमचे साहेब नेहमी म्हणतात. निदान एकदा तरी म्हणाले होते.

त्यामुळे अठ्ठ्याऐंशी साली घरातलं कपडे धुण्याचं मशीन गेलं, तेव्हा मला मनातून आनंदच झाला. ते मशीन माझ्या मेहुण्याने, जयवंतने, मस्कतहून आणलेलं. शेवटी शेवटी ते धुता धुता मोरीतून निघून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चालत यायचं. एके सकाळी त्याने मोठ्ठा उसासा टाकला आणि थांबलं ते थांबलंच.

"पूजा न करता वापरायला काढलंत. टिकणार कसं?" आई म्हणाली.

"आई, मशीन मोटरवर चालतं, नारळावर नाही!" मी म्हणालो. मग विज्ञानावर दहाएक मिनिटं बोललो. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमचं विज्ञान होऊ दे, पण मशीन लवकर आणा," माझी बायको पद्मजा म्हणाली. "पुढच्या रविवारी घाटकोपरला स्पर्धा आहे."

ही स्पर्धा म्हणजे महिला भजनी मंडळांची. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या मंडळात पद्मजा आठ वर्षं मागच्या रांगेत बसून झांजा वाजवत होती. यंदा पहिल्यांदाच ती मुख्य गायला बसणार होती. सहाही जणींनी लाल काठाच्या पांढऱ्या सुती साड्या एकसारख्या घेतल्या होत्या. त्यांची खळ काढायला एक धुणं हवं होतं. आणि सुनेला पुढे बसलेली बघायला माझी आई महिनाभर दिवस मोजत होती.

मी कामाला लागलो. तीन दुकानं पालथी घातली. पाठीमागची झाकणं उघडायला लावली, मोटरला कान लावले, चालू मशीनच्या झाकणावर चार आण्याचं नाणं उभं करून ते पडतं का पाहिलं. चंद्रप्रकाश नावाचा दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, "साहेब, मशीन घ्यायचा हाय का मुलीला स्थळ बघून राहिले?"

"पोरगी दिली तरी माहेरी परत येते, मशीन परत घेता का तुम्ही?" मी विचारलं. त्याने मुकाट्याने पुढच्या मशीनचं झाकण उघडलं!

तक्ता मी ऑफिसात टाइप केला. तीन प्रती. एक मला, एक पद्मजाला, एक घरच्या फायलीला. मोटर, टब, आवाज, वायर, सगळे रकाने भरले. शेवटचा रकाना होता 'विश्वासार्हता'. तो काही भरेना. तिन्ही दुकानदारांनी एकच उत्तर दिलेलं, "एकदम गॅरंटी, साहेब!" आता तिघांची गॅरंटी सारखी असेल तर तुलना कशाची करायची? नाणं पडलं नव्हतं म्हणून चंद्रप्रकाशचं मशीन पसंत केलं, खाली सही ठोकली, पण तो रकाना रिकामाच राहिला. तोवर माझ्या तक्त्यात असं कधी झालं नव्हतं.

गुरुवारी मशीन आलं. पांढरंशुभ्र! आई हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढे झाली, तेवढ्यात पद्मजा म्हणाली, "आई, कुंकवाचे डाग जायचे नाहीत हो. नुसती उदबत्ती ओवाळू या?"

"बरं गं," आई म्हणाली आणि ताट देवासमोर ठेवून आली. संपला विषय!

माझा मात्र संपला नाही. रात्री अंथरुणावर पडलो तरी तो रिकामा रकाना डोळ्यांसमोर. मस्कतचं मशीन बिनपूजेचं होतं, ते गेलं. हेही बिनपूजेचं. खरेदीतला माणूस मागचा अनुभव विसरत नाही.

शुक्रवारी सकाळी पाणी आलं. पद्मजा पिंपं भरण्यात, आई अंघोळीला. मी देवासमोरच्या ताटातून चमचाभर हळद, चमचाभर कुंकू, थोड्या अक्षता आणि एक सुपारी घेतली, हाताशी आला त्या कागदात पुडी बांधली आणि मशीनपाशी गेलो. आता ठेवायची कुठे? पाहतो तर टबाच्या आतल्या बाजूला एक जाळीची छोटीशी पिशवी! वाटलं, वा, काय सोय केली आहे कंपनीने! पुडी आत सारली, हात जोडले, पुटपुटलो, "बाबा, निदान दहा वर्षं."

वाचकहो, ती पिशवी कपड्यांचा धागाधुरळा पकडण्यासाठी असते आणि टबातलं सगळं पाणी तिच्यातून फिरतं. पुस्तिकेत तसं लिहिलेलं आहे. पुस्तिका मी पाठ केल्याचं सगळ्यांना सांगितलं होतं.

शनिवारी दुपारी मंडळातल्या बाकीच्या पाच जणी आपापल्या साड्या घेऊन आल्या. पुढे होत्या तळमजल्यावरच्या वनमालाताई, मंडळाच्या प्रमुख.

"आधी एखादं जुनं फडकं घालून बघू या का?" पद्मजाने विचारलं.

"कशाला?" मी म्हणालो. "मी तपासून घेतलेलं मशीन आहे! सहाच्या सहा टाका!"

साड्या पडल्या, पिंपातलं पाणी पडलं, साबणाची पावडर पडली. मी झाकण लावलं आणि पंधरा मिनिटांचं बटण पिळलं. तेवढ्या वेळात बायकांना मोटर कशी निवडावी ते समजावून सांगितलं. घर्रकन आवाज थांबला. "बघा आता!" म्हणून मी ऐटीत झाकण उघडलं.

आत लोणच्याचा खार!

हळदीवर साबण पडला की ती लाल होते, हे मला त्या दिवशी समजलं. पद्मजाने एक साडी वर काढली. कुठे भगवी, कुठे गुलाबी, कुठे नुसतीच आजारी. पद्मजा त्या साडीचं टोक हातात धरून उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

त्या क्षणी मला पुडी आठवली असेल ना? आठवली! अगदी लख्ख आठवली. आणि मी काय केलं? मी ओरडलो, "फसवलं त्या चंद्रप्रकाशने! गंजलेलं मशीन गळ्यात मारलं!" तरातरा वनमालाताईंच्या घरी जाऊन फोन लावला.

"साहेब, नवीन मशीनमंदी गंज कुठून येनार?" तो म्हणाला. "आनि तुम्ही तर आतून-भाहेरून बघितला!"

"मला शिकवू नका! मेकॅनिक पाठवा!"

तासाभरात त्याचा मेकॅनिक लवू आला. मालवणचा, शांत माणूस. त्याने मोटर पाहिली नाही, वायर पाहिली नाही, सरळ जाळीच्या पिशवीत हात घातला. सुपारी टपकन जमिनीवर पडली आणि घरंगळत माझ्याच पायाशी येऊन थांबली.

"साहेब, मशिनीक काय एक झालेला नाय," लवू म्हणाला. "हळद, कुंकू, तांदूळ... ही मशीन आसा काय देवाची पालखी? कोणी घातल्यान ह्या?"

त्याने चुरगळलेल्या कागदाचा ओला गोळा पद्मजाच्या हातात दिला. सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या माझ्याकडे नाही, आईकडे. साहजिकच होतं. घरात पूजा कोण करतं? आणि मी तर विज्ञानवाला!

"आजी, तुम्ही?" वनमालाताई म्हणाल्या.

आईने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी वायर तपासू लागलो.

"मीच ठेवलं गो," आई म्हणाली. "म्हातारपण. सुचलं तसं केलं."

"वयाचा मान ठेवते म्हणून बोलत नाही, आजी," वनमालाताई म्हणाल्या, आणि नंतर बरंच बोलल्या. आई ऐकत राहिली. मी वायर तपासतच होतो. एका वायरीत तपासायला इतकं काय असतं, हे लवूनेही विचारलं नाही. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

लवू गेल्यावर बायकांनी साड्या चार पाण्यांतून काढल्या. रंग फिका झाला, गेला नाही. "सगळ्याच सारख्या विटल्यात, ह्याच नेसू," असं पद्मजानेच ठरवलं.

रविवारी आई घाटकोपरला आली नाही. "माझे गुडघे दुखतात," म्हणाली. आदल्या दिवशीपर्यंत त्याच गुडघ्यांनी ती तीन मजले चढत-उतरत होती. मी सभागृहात शेवटच्या रांगेत बसलो. पद्मजा छान गायली, फार छान गायली. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि मला मान वर करून बघवेना. निकाल लागला, उत्तेजनार्थ. परीक्षकांनी 'मंडळाच्या वेशभूषेतील गेरूची कल्पक छटा' म्हणून वेगळा उल्लेख केला. टाळ्या पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं!

घरी आलो. आई दारातच उभी होती. "कशी गायलीस गो?" तिने विचारलं. पद्मजा तिच्या पाया पडली, मग कपाटापाशी गेली, एक कागद घेऊन आली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. सुकवलेला, इस्त्री फिरवलेला, केशरी झालेला. वर टाइप केलेलं होतं, 'तुलनात्मक तक्ता'. मोटर, टब, आवाज, वायर. खाली माझी झोकदार सही.

फायलीची तिसरी प्रत!

"आईंना टायपिंग येतं, हे मला माहीत नव्हतं," पद्मजा म्हणाली.

मी कसंबसं विचारलं, "आई, तू का गं अंगावर घेतलंस?"

"अरे, तुझ्या सहीवर लोक डोळे मिटून माल घेतात म्हणतोस ना," आई म्हणाली. "चारचौघींत ती सही खोटी पडली असती. माझी सहीच नाही, माझं काय जाणार?"

आई अंगठा उठवते.

पद्मजा पाण्याचा तांब्या भरायला निघाली होती. दारात थांबून म्हणाली, "आता याच्या पाच प्रती काढा. पाच घरी स्वतः नेऊन द्यायच्या. आणि तो शेवटचा रकाना रिकामा आहे, तेवढा भरून."

मशीन अजून उत्तम चालतं. तक्ता मी त्याच रात्री हाताने पाच वेळा लिहिला. विश्वासार्हतेच्या रकान्यात मशीनपुढे 'समाधानकारक' लिहिलं आणि शेजारी खरेदीदाराचा एक नवीन रकाना काढला. त्यात काय लिहिलं ते इथे सांगत नाही. वनमालाताईंना विचारा. त्यांनी तो कागद टेलिफोनच्या वर चिकटवला आहे.