रेवाळ्यांचे मुडदे

रेवाळ्यांनी मला पहिल्यांदा मारलं ते वायरने गळा आवळून. दुसऱ्यांदा वालधुनी नदीत बुडवून. तिसऱ्यांदा श्रीखंडातून विष घातलं, आणि मला श्रीखंड आवडतही नाही.

सदाशिव रेवाळे म्हणजे अंबरनाथ पूर्वेला आमच्या भिंतीपलीकडे राहणारे गृहस्थ. पोटासाठी एका केमिकल कंपनीत टाइमकीपर आणि सुट्टीच्या दिवशी रहस्यकथाकार. स्टेशनवरच्या स्टॉलला चिमट्याने टांगलेली पातळ पुस्तकं असतात ना, तसली. त्यांचा नायक इन्स्पेक्टर काळसेकर. हा माणूस भर मे महिन्यात बदलापुरात ओव्हरकोट घालून फिरतो, देशी बारच्या कोपऱ्यात सिगारेट ओढत बसतो आणि कुणावरही विश्वास ठेवत नाही. भुतं सोडून. कारण पुस्तक अर्ध्यावर आलं की मुडदा उठून बसतो आणि साक्ष देतो.

"भूत खोटं बोलत नाही, गायकवाड," रेवाळे मला सांगत, "पण चहा पाजल्याशिवाय तोंडही उघडत नाही."

माझी तक्रार भुतांबद्दल नव्हती. माझा त्यांच्यावर विश्वासच नाही. वडिलांनी लहानपणीच बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्यात. तक्रार धंद्याची होती. फुटपाथवर ट्रंका विकून मी उल्हासनगरात लोखंडी कपाटांचं दुकान उभं केलं, आणि हा माणूस छापतो काय, तर 'भास्कर गायकवाड, कपाटांचे व्यापारी, तापट, भाव करण्यात कसाई, यांचं प्रेत त्यांच्याच कपाटात सापडलं.' नाव, दुकान, स्वभाव, सगळं जसंच्या तसं. गिऱ्हाईक आधी कपाटात वाकून बघायचं आणि मग भाव पाडायचं. शेजारी परसरामचं पडद्यांचं दुकान. तो सकाळी शटर वर करता करता विचारायचा, "भास्करभाई, आज दुकान तुमने खोला, कि तुम्हारे भूत ने?"

मी भांडायला गेलो. "निदान नाव तरी बदला."

"नाव बदललं तर उपयोग काय?" रेवाळे म्हणाले.

उपयोग कसला, ते मला कळलं नाही. रेवाळेवहिनी दारात तांदूळ निवडत हसत होत्या. "माझं नाव घातलंत तर जेवायला वाढणार नाही, अशी तंबी दिलीय मी. तुम्हीही द्या, भावोजी."

मला तंबी जमत नाही, सौदा जमतो. शेवटी असं ठरलं, की मी मरेन, पण कपाटाची बदनामी होता कामा नये. पुढच्या पुस्तकात माझ्या कपाटाचं दार उघडायला पोलिसांना गॅस कटर आणावा लागला. त्या दिवाळीत कपाटं चांगली खपली, हे मी रेवाळ्यांना कधी सांगितलं नाही.

मग वहिनी गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता कावीळ निघाली. रेवाळ्यांनी बरेच महिने कागदाला हात लावला नाही. नंतर सुटले ते असे सुटले, की दूधवाला, पोस्टमन, माझी बायको, कुणालाही सोडलं नाही. बायकोला त्याचं कौतुक. माहेरी पुस्तक पाठवलं तिने. मला मात्र लागोपाठ तीन पुस्तकांत मारलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. "पुन्हा माझं नाव दिसलं तर कोर्टात खेचीन," असं मी चारचौघांत ओरडलो. पुढच्या पुस्तकात माझ्याऐवजी शिरगावचा कुणी चुनेवाला मेला.

नेमकं तेव्हाच माझ्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, मुंबईला जाऊन बायपास करावी लागेल. बाजारात मी कुणाला कळू दिलं नाही. माणूस आजारी आहे म्हटल्यावर समोरची पार्टी लगेच चढते. रेवाळ्यांना सांगणं भाग होतं, कारण हॉस्पिटलात बायकोला सोबत हवी होती.

ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "आणि मी तुम्हाला पुस्तकातून काढलं."

"बरं केलंत."

"बरं कसलं? मी ज्यांना ज्यांना मारलं, त्यांतलं कुणी गेलंय का, सांगा. पोस्टमन ट्रकखालून उठून घरी आला. दूधवाल्याला साप चावला, तरी दूध चुकलं नाही. कागदावर मेलेलं माणूस पुढचं पुस्तक येईपर्यंत खरं मरत नाही, गायकवाड." ते थांबले. "एकाच माणसाला मी मारलं नव्हतं. तिने मारू दिलं नाही."

भिंतीवर वहिनींचा फोटो होता. त्यांनी तिकडे बघितलं नाही. मी बघितलं.

विश्वास माझा तेव्हाही बसला नाही. पण विश्वास वेगळा आणि व्यवहार वेगळा. "मारा," मी म्हटलं.

"सुरा चालेल?"

"छातीवर नको. तिथे डॉक्टर चालवणारच आहेत."

"मग बॅरेजवरून नदीत ढकलू?"

"मला पोहता येतं. वाचक हसतील."

"कपाट?"

"कपाटच. पण आरशाचं घ्या. नवा माल आलाय."

शुद्धीवर आलो तेव्हा रेवाळे स्टुलावर बसले होते. मांडीवर लिहिलेले कागद.

"कुणी मारलं?" मी विचारलं.

"परसरामने. पडद्याच्या दोरीने."

परसराम झुरळालाही घाबरतो. मला हसू आलं आणि टाके ओढले गेले. जिवंत आहे, हे तेव्हा पटलं. रेवाळ्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

या गोष्टीला काही वर्षं झाली. आता पाळी रेवाळ्यांची. पोटात गाठ निघाली आहे, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. काल मी त्यांना विचारलं, "पुस्तकात तुम्हाला कोण मारतं?"

"स्वतःला कसं मारणार? तो गुन्हा आहे," ते हसले. "आणि माझ्या घरात दुसरं लिहिणारं कोण?"

मी आयुष्यात बिलाखेरीज काही लिहिलेलं नाही. पण हे छापून येणार आहे, म्हणून नावगाव नीट घालतो. सदाशिव रेवाळे, टाइमकीपर, राहणार अंबरनाथ पूर्व, यांचं प्रेत आज सकाळी भास्कर गायकवाडांच्या दुकानात, आरशाच्या कपाटात सापडलं. दार पक्कं लागलेलं होतं. मारेकरी मीच. कारण वर आलंच आहे.

एवढं लिहिलं आणि कालपासून पहिल्यांदा बरं वाटलं. चहा टाकला आहे. येतीलच ते साक्ष द्यायला.