सागवान हाय, लादी नाय

मधुनानांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं आहेत: सागवान आणि लादी. ज्याच्या सहवासात ऊब वाटते तो सागवान. जो दिसायला चकाचक पण पायाला गार लागतो तो लादी. आमच्या गल्लीतले डॉक्टर लादी, त्यांचा कंपाउंडर सागवान. नळावर कडाकडा भांडणारी शेजारीण सागवान आणि तिचा गोडगोड बोलणारा नवरा शुद्ध लादी. मी कोण, असं एकदा हौसेनं विचारलं, तर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तरीणबाय, तू प्लायवूड. वरचा थर बरा हाय."

मी शाळेत शिकवते, रागावणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. पण या माणसावर रागावता म्हणून येत नाही.

नानांची ही विचारसरणी ज्या जमिनीतून आली ती जमीन म्हणजे रोह्याचा गुलाब हॉल. जुन्या बाजारात पोह्यांची गिरणी आहे आणि गिरणीच्या डोक्यावर हा हॉल. खाली पोहे कुटले जातात आणि वर माणसं नाचतात. गिरणी चालू असली की वरची जमीन तळपायाला गुदगुल्या करते आणि खिडक्यांतून भाजलेल्या भाताचा वास येतो. मी रोह्याशेजारच्या वरश्याहून स्कूटीनं तिथं झुंबाच्या क्लासला जाते. वजन कमी करायला जाते आणि त्या वासानं भूक लागून परत येते.

हॉलचा इतिहास नाना कुणालाही ऐकवतात. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही ऐकवतात. गिरणीच्या शेठनं म्हणे मुंबईला कुठल्याशा क्लबात जोडीजोडीनं नाचणारी माणसं पाहिली आणि त्याला वेड लागलं. त्याच सुमाराला रोह्यात केमिकलच्या कंपन्या आल्या, साहेब लोक आले. त्यांच्या बायका संध्याकाळी करणार काय? शेठनं गोदामावर माडी चढवली, तिला सागवानी फळ्यांची जमीन केली आणि दर शनिवारी बँड बोलावला. इथपर्यंतचं सगळं खरं असावं. पुढचं मात्र ऐकणाऱ्यावर अवलंबून असतं. ट्रम्पेट वाजवणारा माणूस मला पहिल्यांदा सांगितला तेव्हा गोव्याचा होता. दिवाळीपर्यंत तो पोर्तुगालचा झाला. परवा मीटरवाल्याला सांगताना तो थेट लंडनहून बोटीनं कुंडलिका नदीत उतरला होता.

"नाना, कुंडलिकेत बोट?" मी म्हटलं.

"तवा पाणी होतं," नाना म्हणाले, आणि मीटरवाल्यानं मान डोलावली.

नाना मूळचे गिरणीतले हमाल. पोती वाहता वाहता शेठनं त्यांना वर बोलावलं आणि जमीन सांभाळायला दिली. ती त्यांनी अशी सांभाळली की विचारू नका. गिरणीतला ताजा कोंडा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायचा, ती पुरचुंडी तव्यावर शेकायची आणि गुडघ्यांवर बसून फळीन् फळी घासायची. कोंड्यातलं तेल लाकडात मुरतं. जमीन अशी तुकतुकीत होते की तिच्यात बघून भांग पाडावा. साहेब लोक बदली होऊन गेले, शनिवार संपले, मग ऑर्केस्ट्रा आले, मग लग्नं आली, मग आम्ही झुंबावाल्या आलो. नानांचा कोंडा काही थांबला नाही.

आणि त्यांचा नियमही थांबला नाही. जिन्याच्या तोंडाशी नाना स्टूल टाकून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणतात, "पाय बघू." चपला खाली काढायच्या हे तर झालंच, पण अनवाणी तळवासुद्धा उलटा करून दाखवायचा. पैंजण बोचरं असेल तर काढा. जोडवं टोकदार असेल तर रुमाल बांधा. एकदा मुलीकडच्यांनी नवरदेवाचे पाय धुण्याआधीच नानांनी ते धुऊन पुसून काढले होते. लग्नाच्या दिवशी खाली चपलांचा असा डोंगर होतो की परतताना माणूस मिळेल त्यात पाय घालतो. मी स्वतः एक माझी आणि एक कुणा वरमाईची चप्पल घालून वरश्याला पोचले आहे.

एकदा हळद होती. कोलाडहून डीजे आला होता, भिंतींचे पोपडे पडत होते. नाना दारात आडवे. "हळद जिन्यावर लावा. वर नाय."

"अहो, हळदीला हळद नाही लावायची?" मुलाकडचे म्हणाले.

"लावा ना. जिना काय तुमाला चावतो? वर सागवान हाय, लादी नाय!"

शेवटी नवरा जिन्यावर पिवळा झाला, त्याला तिथंच पुसला आणि मगच तो वर आला. नाचताना त्याचा मामा कोंड्याच्या तुकतुकीवरून जो घसरला तो थेट डीजेच्या पेटीपर्यंत गेला. मामाकडची मंडळी चिडली. नाना शांतपणे म्हणाले, "मामा गेले. जमीन तर हाय तिथंच हाय."

नानांची बायको, आमच्या हिराकाकी, रोज दुपारी डबा घेऊन येतात आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसतात. नाना खाली येतात, दोघं तिथंच जेवतात. वर त्या कधी येत नाहीत. एकदा मी म्हटलं, "काकी, वर तर या. पंखा आहे."

त्यांनी साडी जरा वर करून मला टाचा दाखवल्या. काकी पेणकडच्या खाडीवरच्या, मिठागरात वाढलेल्या. लहानपणापासून खाऱ्या पाण्यात मीठ तुडवलेलं. टाचांना अशा भेगा की बोटाचं पेर आत जाईल, आणि कडा दगडासारख्या. "वर येऊन काय करू गो बाय? माज्या टाचांनी फळी खरवडल. तो गुडघे मोडून घासतो." एवढं बोलून त्यांनी मला सुक्या जवळ्याची चटणी वाढली.

मग यंदा शेठची नात, हॉलची आताची मालकीण, पुण्याहून आली. मुलगी चांगली, बोलायला नम्र. (नानांनी तिला अजून कुठल्याच वर्गात घातलं नव्हतं.) फळ्यांना खालून वाळवी लागली होती, एका बारशाला पाळण्याचा पाय जमिनीत गेला होता. तिनं नानांना खुर्चीत बसवून सांगितलं की सोमवारपासून फळ्या काढायच्या, लादी बसवायची, एसी लावायचा, आणि नानांनी हॉल पूर्वीसारखाच सांभाळायचा.

लादी! आम्ही झुंबावाल्या श्वास रोखून उभ्या होतो. आता नाना काय तांडव करतात!

नानांनी वाकून एका फळीवरून तळवा फिरवला. मग म्हणाले, "बरं. पन रविवारी हॉल मला दे. जोडीचा नाच ठेवतो. शेवटचा."

नंतर जिन्यावर मला खरं सांगितलं. "लगीन झाल्यावर हिराला हौसेनं हितं आनली व्हती. हॉल दाखवायला. आणि सवयीनं माज्या तोंडातून गेलं, पाय बघू. तिनं आपलं पाय बघितलं नि खालीच बसली. तवापासून खालीच. मी लई सांगितलं, पन ती ऐकत नाय. आता सोमवारी हॉलच जानार."

हे ऐकून मला त्यांचा राग यायला हवा होता. मला रडूच आलं.

रविवारी संध्याकाळी आम्ही सगळ्या नटून गेलो. सोबत नवरे होते. ते दवाखान्यात आणल्यासारखे भिंतीला टेकून उभे होते. कोलाडच्या डीजेला नानांनी हळू गाणं लावायला सांगितलं. बिचाऱ्याला हळू म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं, त्यानं नुसता आवाज कमी केला. नानांनी सकाळपासून जमीन घासली होती. सोमवारी उपटायची जमीन! ती अशी चमकत होती की पाय ठेववेना.

हिराकाकी नव्या लुगड्यात आल्या आणि नेहमीच्या पायरीवर बसल्या. आम्ही हाका मारल्या, हात धरला, शेठच्या नातीनंही विनवलं. काकी हलेनात. "नको गो. आजच घासलीय त्यानं."

नाना खाली आले. सदऱ्याला कोंडा लागलेला.

"चल."

"चरे पडतील."

"उद्या फळ्याच उपटायच्यात," नाना म्हणाले. "पाड किती पाडायचे ते."

काकी मग खुदकन हसल्या, कठडा धरला आणि एकेक पायरी चढून वर आल्या. नाना त्यांना हॉलच्या मधोमध घेऊन गेले. एक हात हातात, एक कमरेवर. आम्ही सगळे मागे सरकलो. इतकी वर्षं नानांनी आमच्या प्रत्येक स्टेपला नावं ठेवली होती. आता खरं नाचणं बघायला मिळणार होतं.

नानांनी पहिलं पाऊल टाकलं ते काकींच्या पायावर. दुसरंही.

"अवो, तुमाला येतं ना?"

"नाय गो," नाना खालच्या आवाजात म्हणाले. "मी कवा नाचलो? माज्याबरोबर कोन होतं नाचायला?"

 काकींनी पदर खोचला, नानांचं मनगट धरलं आणि आपल्या गावच्या हळदीत नाचतात तसा टाच आपटून ठेका धरला. डीजेला हे बरोबर समजलं; त्यानं आवाज सोडला. फळ्या करकरायला लागल्या, तुकतुकीत जमिनीवर पांढरा ओरखडा उठला, मग दुसरा उठला. काकी दचकून थांबल्या.

"थांबू नको," नाना म्हणाले. "जोरात गो, अजून जोरात!"